कुकर नेऊ नकोस

थेरगाव,
१५ जून २०२५

प्रिय अक्का,

पाया पडते. हे पत्र चकल्यांच्या डब्यात अगदी वर ठेवून तुझ्या मेहुण्याच्या, प्रीतमच्या हाती पाठवतेय, म्हणजे डबा उघडलास की ते दिसेलच. आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतेस. कंपनी मला चार महिन्यांसाठी परदेशी पाठवतेय म्हटल्यावर आपल्या गोतावळ्याने ग्रुपवर फुलं काय, विमानं काय, नुसता धुमाकूळ घातला. माझ्या सासूबाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनीही शेजारणीला बोलावून सांगितलं. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा एक अंगठा! थेरगावातून मारुंजीला यायला फार तर अर्धा तास, आणि आपल्यावर पत्रं लिहायची पाळी आली बघ.

रागावली असशील तर रागव, पण आधी मला मदत कर. शहराचं नाव बोगोटा. कोलंबिया देशातलं. चाकणला आम्ही ब्रेकची जी असेंब्ली करतो ती आता तिथल्या नव्या प्लांटमध्येही होणार आहे आणि तिथल्या पोरींना लाईनवर उभं राहून शिकवायला मी जाणार. शहर केवढं, तर आपलं आख्खं पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून होईल तेवढं. आणि ते बसलंय डोंगरात. प्रीतमने मोबाईलवर बघितलं, सिंहगडावर आणखी एक सिंहगड ठेवला की जेवढं उंच होईल तेवढं उंच. बारा महिने गारवा आणि पाऊस, घरात पंखे नाहीत म्हणे. यावर आमच्या ऑफिसने काय सांगितलं? एका ओळीचा ईमेल, गरम कपडे आणा.

मला थंडी ठाऊक आहे ती पहाटेच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर लागते तेवढीच. आपल्यात उंचावर राहून आलेली एकटी तूच. लेहच्या टूरला गेलीस तेव्हा तुझी बॅग बघून दाजींनी टेम्पो बोलवायची भाषा केली होती. तर सांग, काय काय नेऊ? स्वेटर एक जाड नेऊ की दोन पातळ? मिक्सर नेऊ का? माझा छोटा कुकर नेऊ का? प्रीतम म्हणतो, उगाच वजन खाईल.

दिव्या इथे आजीपाशीच राहील, शाळा जवळ आहे. शनिवार-रविवार तुझ्याकडे पाठवीन म्हणते. तिला मावशीकडे जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून दप्तर भरून बसते.

उत्तर दे. अंगठा नको.

तुझी,
तनू

मारुंजी,
१८ जून

तनुजाबाई,

चकल्या पोचल्या. भाजणी जरा जास्त भाजली गेलीय.

फोन उचलत नाही, कारण मला सवड नसते. तुला बस आहे, कॅन्टीन आहे, शिफ्ट संपली की तू मोकळी. मला चार मजल्यांची बिल्डिंग आहे. आयटीतल्या पोरापोरींना खोल्या दिल्यात, त्यांची मोटर बंद पडते, टँकर उशिरा येतो, कुणी जिन्यात पिझ्झ्याची खोकी टाकतं, आणि सगळ्यासाठी 'आंटी, आंटी'. कुणाला वाटत असेल की या आंटीने डिप्लोमाची परीक्षा दिली असेल?

रागावलीस का विचारतेस. राग नाही, जळतेय. घे, लिहून दिलं. तुझा फोन वाजला की मी मोबाईल पालथा ठेवते. आई परवा माणहून आली आणि दारातच म्हणाली, "आपली तनी इमानात बसनार हाय." मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

डिप्लोमाला पहिली मी आले होते, तू नाहीस. ड्रॉइंग तुला मी शिकवलं. माझाच रेघा आखायचा ड्राफ्टर घेऊन तू परीक्षेला बसलीस, त्याच्या पट्टीवर माझं नाव कोरलेलं आहे. भोसरीला सहा महिने ट्रेनी होते मी, साहेब म्हणाले होते की कायम करून घेऊ. तेवढ्यात नानांनी हे स्थळ आणलं. "जमीनवाल्याचं घर हाय, पोरीनं कंपनीत जायाचं कारन न्हाई." मी कंपनी सोडली. पाच वर्षांनी तुझी पाळी आली तेव्हा तेच नाना म्हणाले, "जाऊ द्या तिला, शिकलीया." ते 'जाऊ द्या' माझ्या वेळी कुठे गेलं होतं? आज त्या विमानात मी असते.

असो. आता ऐक, कारण कापडाच्या दुकानात जाऊन तू नको ते घेशील.

जाड स्वेटर एकही नको. पातळ पातळ कपडे एकावर एक घालायचे, म्हणजे ऊन आलं की काढता येतात. आतले गरम कपडे माझे ने, धुऊन ठेवलेत. उंचावर ऊन थंड लागतं पण चामडी जाळतं, तेव्हा तोंडाला लावायचं मलम आणि टोपी हवी. ओठांना व्हॅसलीन. छत्री घडीची, आणि ती रोज पर्समध्ये, आभाळाकडे बघून ठरवायचं नाही. बूट आत्ताच घे आणि इथेच घालून मऊ कर, नवे कोरे घालून जाशील तर फोड येतील. पहिले दोन दिवस जिने धावत चढायचे नाहीत, पाणी सारखं पीत राहायचं. धाप लागली तर कापराची पोटली हुंगायची, लेहला आमच्या टूरमधल्या सगळ्या बायकांनी तेच केलं. काही झालं तरी डॉक्टरला विचारून गोळ्या घे, माझ्या भरवशावर राहू नकोस. चटणीची नि मेतकुटाची पाकिटं गच्च भरू नकोस, वर गेल्यावर फुगतात. मिक्सर नको. तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची आहे, आपला मिक्सर नुसता गुणगुणेल. हे मी दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला मुद्दाम विचारलं, तो तिकडच्या बाजूला राहून आलाय.

आणि कुकर नेऊ नकोस. एकटीचं वरण-भात पातेल्यात होतं. एवढं मोठं शहर आहे, काही अडणार नाही.

दिव्याला पाठव. तिच्यावर माझा राग नाही.

स्नेहल

थेरगाव,
४ जुलै

प्रिय अक्का,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. जळतेस हे लिहिलंस, बरं केलंस. ड्राफ्टरवर तुझं नाव अजून आहे. चाकणला इंटरव्ह्यूला गेले तेव्हाही तो पिशवीत होता, उपयोग काही नव्हता तरी.

तू सांगितलंस तशीच बॅग भरली. तुझे गरम कपडे मला दंडात सैल होतात, तेवढं सोडलं तर झकास. बूट घालून रोज डांगे चौकापर्यंत चालते, भाजीवाल्या बायका विचारतात की एवढ्या उकाड्यात हे काय. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, तूरडाळ, सगळं सैल भरलं. मिक्सर राहू दिला. कुकर बॅगेतून काढून फळीवर ठेवला, तू म्हणालीस म्हणून.

काल आई आली आणि ओटी भरली. नारळ विमानात न्यायचा म्हणून हटून बसली होती. शेवटी प्रीतमने तो फोडला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. दिव्या माझ्या बॅगेत जाऊन बसली आणि म्हणाली, चेन लाव.

उद्या दुपारी मुंबईच्या विमानतळाकडे निघू. तू येशील ना? तुझ्यासाठी पोहे ठेवते.

तनू

बोगोटा,
१६ जुलै

प्रिय अक्का,

आता कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवायचा असं ठरवलंय. तूही तसंच कर, तुझं अक्षर बघितलं की बरं वाटतं.

तू आली नाहीस. शेखरदाजी आले, कापराची पोटली हातात दिली आणि म्हणाले, "तिचं डोकं दुखतंय." गाडी चौकातून वळेपर्यंत मी मागे बघत होते. इथे पोचल्यावर खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचा फोटो पाठवला, त्यावर तुझा अंगठा आला. तो मिळाला.

अक्का, माझे हाल आहेत गं. कंपनीने खोली चांगली दिलीय, पण ती तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढून आले की दहा मिनिटं बोलता येत नाही. पाऊस येतो, जातो, परत येतो. चटणीचं पाकीट फुग्यासारखं टम्म झालं होतं, उघडायला गेले तर फाटलं आणि अर्धी चटणी माझ्या अंगावर. तुझं ऐकून सैल भरलं होतं, तरी.

सगळ्यात वाईट म्हणजे वरण. पातेलं गॅसवर ठेवलं, पाणी उकळलं, डाळ नुसती गरगर फिरतेय. दोन तास झाले तरी दाणा दाताखाली कचकन लागतो. भाताचंही तेच, बाहेरून चिखल आणि आत तांदूळ. मला वाटलं डाळ जुनी निघाली. शेवटी पाव आणि मेतकूट खाऊन झोपले. हे रोजचं झालंय.

प्रीतमला सांगू नकोस, तो घाबरेल.

तनू

मारुंजी,
२० जुलै

प्रिय तनू,

पत्र वाचून मी लगेच कागद घेऊन बसले. खाली टँकरवाला हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

डाळ जुनी नाही, वेडाबाई. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं खरं, पण आपल्याकडच्या उकळत्या पाण्याइतकं ते तापतच नाही. तू दिवसभर उकळलीस तरी तूरडाळ त्यात मऊ पडायची नाही. लेहला आम्ही असाच भात खाल्ला एका ढाब्यावर. डाळ आदल्या दिवशीच भिजत घाल, चिमूटभर सोडा टाक, आणि पातेल्यावर झाकण ठेवून वर वरवंटा ठेव. वरवंटा कुठला तिथे, एखादा दगड ठेव. तूर सोड आणि मुगाची किंवा मसुराची घे, ती लवकर शिजेल.

जिना चढताना मध्ये थांबायचं. कठड्याला टेकायचं, पाचापर्यंत मोजायचं. तुला घाईच फार. शाळेत असताना टेकडीवरच्या देवळात आधी पोचायचं म्हणून धावायचीस आणि वर जाऊन ओकायचीस. मग तोंड कोण धुवायचं तुझं?

खरं सांगते, बऱ्याच दिवसांनी आज माझं डोकं शांत आहे. सगळे म्हणत होते तनुजाचं नशीब, तनुजाचं नशीब, आणि मला वाटायचं की तू तिकडे नुसती सुखात लोळतेयस. तूही माणूसच आहेस म्हणायची. दुपारी ह्यांना मटकीची उसळ केली, मी दोनदा वाढून घेतली.

दिव्या शनिवार-रविवार येते. छान रमलीय. माझ्या मांडीवर बसूनच टीव्ही बघते, जेवायलाही माझ्याच हातून लागतं. तुझी तर आठवणही काढत नाही, तेव्हा तिची काळजी सोड. फोटो पाठवते तिचा नि माझा.

आई म्हणते, तिला सांग की पायात मोजे घालूनच झोप. मीही तेच म्हणते. आणखी काय काय होतंय ते सगळं लिही, मी सांगेन काय करायचं ते.

तुझी,
अक्का

बोगोटा,
३ ऑगस्ट

प्रिय अक्का,

चार पानं! दुपारच्या सुट्टीत वाचली, मग बसमध्ये परत वाचली. टेकडीवरच्या देवळाचं मी विसरूनच गेले होते. तोंड तू धुवायचीस आणि नंतर घरी येऊन सांगायचीस मात्र सगळ्यांना.

दिव्याचं वाचलं. रमली ते बरं झालं.

इथलं काही बदललं नाही. डाळ भिजवून बघितली, सोडा टाकून बघितला. सोड्याने चव अशी झाली की कपडे धुतल्याचं पाणी प्यावं. खिचडी केली तर तांदूळ वेगळा, डाळ वेगळी, एकमेकांशी बोलेनात. कंपनीतल्या जेवणात बटाटाच बटाटा. मुठीएवढा, बोराएवढा, पिवळा, जांभळा. कंपनीचा ड्रेस कमरेला ढिला झालाय, पिन लावते.

लाईनवरच्या पोरींना माझी भाषा कळत नाही, मला त्यांची. मी हाताने दाखवते, त्या हसतात. माझ्यावर एकावर एक चढवलेले कपडे बघून तर फारच हसतात. रविवारी कुठे जायचं कळत नाही, खिडकीत बसून असते.

तू लिहीत जा बाई. तुझं पत्र आलं की तो दिवस बरा जातो.

तनू

मारुंजी,
८ ऑगस्ट

प्रिय तनू,

उद्या नारळी पौर्णिमा. नारळीभात केला होता आजच, पाहुणे येणार म्हणून. मोकळा, दाणा न् दाणा सुटा. ताटावर बसले आणि पहिला घास तोंडात घालणार तो तुझा तो कचकचीत भात डोळ्यांपुढे आला. उठले ताटावरून. ह्यांना वाटलं माझं पोट बिघडलं.

चार वाजता बाहेर पडले आणि तुझ्या थेरगावात जाऊन, डांगे चौकातल्या भांड्यांच्या दुकानातून कुकर आणला. चांगला जाड बुडाचा, दोन माणसांचा. जादा रबर घेतलं, जादा शिट्टी घेतली. दुकानदार म्हणाला, ताई, एवढं कुणी जादा घेत नाही. मी म्हटलं, जिथे चाललाय तिथे दुकान नाही.

तुझ्या कंपनीतला सुजित बावीस तारखेच्या शुक्रवारी निघणार आहे असं प्रीतमरावांनी सांगितलं. त्याच्या घरी तडक जाऊन खोकं देऊन आले. त्याची बायको म्हणत होती की सामान आधीच फार झालंय. मी तिथेच बसून त्याची बॅग पुन्हा लावून दिली. दोन जीन्स काढायला लावल्या त्याला. कुकरच्या आत तुझ्यासाठी भाजणी, तिळाची चटणी आणि दिव्याने केलेली राखी आहे. ती म्हणते, भाऊ नाही तर आईला बांधणार.

मला आधी सुचायला हवं होतं हे. आणखी पंधरा दिवस कळ काढ. मेतकूट संपवू नकोस.

बारीक होऊ नकोस गं. तुला मुळातच काय अंग आहे.

तुझी,
अक्का

मारुंजी,
१७ ऑगस्ट, रविवार

तनुजा,

आत्ता तुझा नि आईचा व्हिडिओ कॉल संपला. तुला वाटलं असेल मी घरात नाही. मी आत पोळ्या लाटत होते.

आई तिचा फोन धरून पलंगावर बसली होती, शेजारी दिव्या. तू तिला पाऊस दाखवत होतीस. तेवढ्यात तुझ्या मागे एक शिट्टी झाली. मग दुसरी. आईला सवयच आहे, कुणाच्याही घरातला कुकर असला तरी ती मोजते. तिसरी झाली आणि ती ओरडली, "तने, तीन झाल्या गं, बंद कर ग्यास! डाळीचा लगदा हुईल!" आणि तू पळत जाऊन बंद केलास. फोन तसाच खिडकीत ठेवून. मी लाटणं हातात घेऊन दारात उभी होते, मला सगळं दिसलं. ओट्यावर तुझाच कुकर. कानाशी पोचा आलेला, तुझ्या लग्नातला.

सुजित अजून इथे आहे. माझा कुकर त्याच्या घरी खोक्यात आहे.

आई म्हणाली, "बरी दिसतीया पोर. गाल वर आलंत." मीही बघितले ते गाल. पिन लावतेस काय कमरेला?

किती हसली असशील तू. अक्काने चार पानं लिहिली, अक्का पौर्णिमेच्या ताटावरून उठली, अक्काने लोकाच्या नवऱ्याच्या जीन्स काढायला लावल्या. अक्काच्या जिवाला थंडावा मिळावा म्हणून तू उपाशी असल्याचं नाटक केलंस ना? म्हणजे विमान तर तुझं आहेच, आणि वर माझ्यापुढे चार शिळे तुकडे टाकायचं पुण्यही तुझंच. मला तुझी कीव नको होती. मला जळू द्यायचं होतंस सरळ.

आता पत्र पाठवू नकोस.

स्नेहल

बोगोटा,
१९ ऑगस्ट

प्रिय अक्का,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतेय. वाच आणि मग पुसून टाक.

लेहहून आलीस तेव्हाची एक गोष्ट तू विसरलीस. तुमच्या टूरचा स्वयंपाकी महाराज म्हणे सगळं सामान हमालाकडे द्यायचा, पण कुकर स्वतः मांडीवर घेऊन बसायचा. कारण वर त्याच्याशिवाय डाळ-भात शिजत नाही. ही गोष्ट तू दिवाळीला सांगितलीस, दिव्याच्या वाढदिवसाला सांगितलीस आणि तुझ्या सासऱ्यांच्या, साहेबरावांच्या वर्षश्राद्धाला जेवणाऱ्यांच्या पंक्तीतही सांगितलीस. मला पाठ झाली होती, तरी प्रीतम वजनाचं म्हणाला म्हणून तुला विचारलं. आणि तुझं उत्तर आलं, कुकर नेऊ नकोस.

मी इतकी संतापले की पत्र चुरगाळलं. मग परत सरळ केलं आणि वाचलं. कापूर, टोपी, छत्री, बूट, मिक्सरची वीज, सगळं बरोबर. कुणाकुणाला विचारून शोधून काढलेलं. एवढं सगळं माझ्यासाठी केलंस आणि एकच गोष्ट खोटी सांगितलीस. तेव्हा मला कळलं की तुला किती लागलंय. कुकर बॅगेत अगदी खाली घातला, त्याच्या आत मेतकूट भरलं, आणि तुला लिहिलं की काढून ठेवला. तू सांगितलेलं एकही मोडलं नाही असं तुला वाटावं म्हणून.

इथे येऊन मी तुला डोंगराचा फोटो पाठवला तेव्हा अंगठा आला. मग वरण शिजत नाही म्हणून लिहिलं, तर चार पानं आली. माझं चांगलं झालं की तू निघून जातेस, वाईट झालं की धावत येतेस. मला तू यायला हवी होतीस, म्हणून मी वाईट लिहीत गेले. लहानपणी आई आपल्याला बाहेर नेताना गालाला काजळाची तीट लावायची, तशी पत्राला लावत होते म्हण. कीव कसली करते मी तुझी? तू शेजारी बसवून शिकवलेलं ड्रॉइंग इथल्या पोरींना शिकवतेय मी.

चटणीचं पाकीट फुटलं ते मात्र खरं. पहिल्या आठवड्यातली धापही खरी. पोरी हसतात तेही खरं, पण मग माझ्या हातात हात घालून कॅन्टीनला नेतात.

आता माझंही ऐक. एक गोष्ट मी कुठल्याच पत्रात लिहिली नाही. दिव्या तुझी आठवणही काढत नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून मी प्लांटच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि डोळ्यात तेल उडालं म्हणून खुणेने सांगितलं. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघते. तुझ्या मांडीवर माझी लेक, तुझ्या गळ्यात तिचा हात. मला तुझा इतका हेवा वाटतो की मोबाईल भिंतीवर आपटावा. तू म्हणतेस विमान तुझ्या वाट्याचं होतं. असेल. पण ती मांडी माझ्या वाट्याची होती अक्का.

जळायला तुला एकटीलाच येतं असं समजू नकोस.

तनू

मारुंजी,
२४ ऑगस्ट

प्रिय तनू,

पहिल्या दिवशी रागाने लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. मग पाय मोकळे करायच्या नावाखाली मारुंजीच्या ओढ्यापर्यंत जाऊन आले आणि आता बसलेय.

ह्यांना विचारलं, मी श्राद्धाच्या पंक्तीत कुकरची गोष्ट सांगितली होती का? म्हणाले, "दोनदा. भटजींना वेगळी." आणि हसत सुटले. मला हसू आलं नाही, पण आता लिहिताना थोडं येतंय.

मला माहीत होतं, तनू. 'कुकर नेऊ नकोस' लिहिताना पेन थांबलं होतं. मनात आलं, सगळं तिला मिळालं, वरण तरी कच्चं राहू दे. एवढीशीच गोष्ट, पण ती लिहून मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

आणि दिव्याचं मी खोटं लिहिलं. ती सारखी तुझं विचारते. शनिवारी येते तेव्हा दप्तरात तुझा कंपनीचा जुना निळा कोट असतो, तो उशीवर पसरून झोपते. मला धुऊ देत नाही. कॉलर काळी झालीय, मी साबण घेऊन मागे लागले तर पलंगाखाली जाऊन बसली. वेणी मी घातली की सोडते, म्हणते आई अशी घालत नाही. फोटोत मांडीवर बसलीय ती माझ्यासाठी नव्हे. माझा फोन माझ्या हातात होता, त्यात तू दिसशील म्हणून. फोटो ह्यांनी त्यांच्या मोबाईलवर काढला, आणि तुला पाठवताना मी तेवढा फोन कापून टाकला होता. आज कापायच्या आधीचा पाठवते, बघ.

सुजित शुक्रवारी गेला. कुकर पोचेल. दोन झाले तर होऊ देत. एक तिथल्या पोरींना दे आणि त्यांना शिट्ट्या मोजायला शिकव, आई खूश होईल. राखी मात्र कुणाला देऊ नकोस, उशीर झाला तरी हाताला बांध.

आता खरं लिही. त्या डोंगरावर गेलीस का? पोरी तुला काय म्हणून हाक मारतात? लाईनवर पहिल्या दिवशी उभी राहिलीस तेव्हा कसं वाटलं, ते आधी लिही, कारण मला तेच कधी बघायला मिळालं नाही. चांगलं असेल ते सगळं लिही, माझ्यासाठी वाईट काही शोधू नकोस.

मी जळेन. आधीच सांगून ठेवते, ते काही एका पत्राने जाणार नाही. पण उत्तर चार पानांचं येईल.

तुझी,
अक्का